हॉटेलातली टीप आणि वेटरचा पगार: सातारा-सांगलीकरांचे नेहमीचे प्रश्न

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या हॉटेलांचे हिशेब आणि पगारपत्रकं लिहिणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळं प्रश्न तिन्ही बाजूंनी येतात: जेवायला जाणाऱ्यांचे, वाढणाऱ्यांचे आणि गल्ल्यावर बसणाऱ्यांचे. वारंवार येणारे इथं एकत्र केलेत. माझं मत सगळ्या उत्तरांत डोकावेल, ते आधीच सांगतो. टीप ही गिऱ्हाइकाची मर्जी, पगार हे मालकाचं देणं. टीप दाखवून पगार कापला की सगळी भांडणं सुरू होतात.

## जेवायला जाणाऱ्यांचे प्रश्न

1. टीप द्यावीच लागते का? नाही दिली तर वाईट दिसतं का?

कायद्यानं कुठंच द्यावी लागत नाही. आपल्याकडं रिवाजही जागेनुसार बदलतो. खानावळीचा महिन्याचा मेंबर रोज टीप देत नाही आणि कुणी तशी अपेक्षाही धरत नाही. तो दिवाळीला पोरांच्या हातावर काहीतरी ठेवतो, विषय संपला. मिसळ, वडापाव, चहा इथं टीप नसतेच. बसून, ऑर्डर देऊन, निवांत जेवलात तर मात्र काहीतरी ठेवून उठायची पद्धत रुळली आहे. नाही ठेवलं तर वेटर फार तर पुढच्या वेळी तुमच्या टेबलाकडं जरा उशिरा येईल. तेवढंच.

2. मग ठेवायची तर किती?

माझा अंदाज सांगतो, नियम नव्हे. साध्या मटण थाळीच्या हॉटेलात चौघं जेवलात तर 20 ते 40 रुपये चांगले समजतात. फॅमिली रेस्टॉरंटात हजार-पंधराशेचं बिल झालं तर पन्नासाची नोट. परमिट रूममध्ये किंवा एसी हॉटेलात 5 ते 10 टक्के. महाबळेश्वर-पाचगणीला हंगामात पुण्या-मुंबईची मंडळी 10 टक्के सहज ठेवून जातात, म्हणून तुम्हीही तेवढेच ठेवायला हवेत असं नाही.

पण खरं सांगू का, टक्केवारी आपल्याकडच्या जेवणाला नीट बसत नाही. थाळीचा दर ठरलेला असतो, रस्सा मात्र मागाल तितका. तांबड्याची आणि पांढऱ्याची अशी दोन भांडी दोन हातात धरून जो पोरगा पंगतीतून फिरतो, "दादा, पांढरा घेणार का अजून?" असं विचारत वाटी तिसऱ्यांदा भरतो, त्याची मेहनत बिलात कुठंच दिसत नाही. त्याच हॉटेलात कुणी एकटा बसून चिकन हंडी आणि दोन कोल्ड्रिंक घेतो, त्याचं बिल जास्त आणि वाढण्याचं काम कमी. म्हणून बिलाकडं बघण्यापेक्षा टेबलाकडं बघा. आठ माणसं, दोन लहान पोरं, एकदा सांडलेलं ताक, चार वेळा मागवलेली कडक भाकरी आणि शेवटी "बिल वेगवेगळं करा" एवढं झालं असेल तर बिल नऊशेचं असलं तरी शंभर ठेवा.

महामार्गावरची गोष्ट आणखी निराळी. खासगी बस जिथं वीस मिनिटांसाठी थांबतात तिथं प्रवासी ताट संपवून पळतात, टीप जवळपास शून्य. अशा ठिकाणी वेटर फक्त पगारावर जगतो. कासचा फुलांचा हंगाम किंवा ठोसेघरचा पाऊस आला की साताऱ्याच्या हॉटेलात दोन-तीन महिने बरे जातात, बाकी वर्ष बेताचं.

3. महाबळेश्वरला बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. द्यायलाच हवा का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की हॉटेलानं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात टाकायचा नाही, वेगळ्या नावानंही वसूल करायचा नाही, आणि तो नाकारला म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही. हॉटेलांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, काही काळ स्थगितीही होती. 28 मार्च 2025 ला न्यायालयानं सूचना कायम ठेवल्या आणि दोन्ही याचिका फेटाळताना संघटनांना प्रत्येकी 1 लाख रुपये खर्चही लावला. त्यावर संघटना अपिलात गेल्या आहेत.

काउंटरवर शांतपणे सांगा, "सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या." बहुतेक ठिकाणी काढतात. नाही काढला तर बिलाचा फोटो ठेवून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हाधिकाऱ्यांकडं किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडंही जाता येतं. वेटरवर मात्र डाफरू नका, तो चार्ज त्यानं लावलेला नसतो आणि बऱ्याचदा त्याच्यापर्यंत पोचतही नाही.

4. बिलात 5 टक्के लावलेत, तेच सर्व्हिसचे पैसे ना?

नाही, तो जीएसटी. अडीच टक्के केंद्राचा, अडीच राज्याचा. त्यातला एक रुपयाही वेटरला मिळत नाही. ज्या हॉटेलात राहण्याच्या खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटला 18 टक्के लागू शकतो. म्हणून एखाद्या रिसॉर्टचं बिल बघून डोळे पांढरे होतात.

एक बारकावा: कंपोझिशन योजनेतल्या (कमी उलाढालीच्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही, तो त्यानं स्वतःच्या खिशातून भरायचा. तशा बिलावर "कर वसूल करण्यास पात्र नाही" अशा अर्थाची ओळ असते. ती ओळ छापलेली आणि खाली कर लावलेला, असं बिल हातात आलं तर विचारा.

5. आता सगळे स्कॅन करूनच पैसे देतात. टीप पण काउंटरच्या क्यूआरवर टाकली तर वेटरला मिळते का?

काउंटरचा क्यूआर मालकाच्या खात्याचा असतो. तुम्ही 940 च्या बिलाला 1,000 टाकलेत तर वरचे 60 रुपये संध्याकाळच्या जमेत मिसळून जातात. चांगले मालक ते बाजूला लिहून ठेवतात आणि वाटतात. बाकीचे विसरतात, किंवा विसरल्यासारखं करतात. सांगलीतल्या एका हॉटेलात मॅनेजर बिलाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं "टी 60" असं लिहून ती बिलं वेगळ्या क्लिपला लावतो. एवढी साधी पद्धतसुद्धा फार थोड्या ठिकाणी आहे.

म्हणून रोख द्या, थेट हातात. रोख नसेल तर वेटरला विचारा, "तुमचा नंबर आहे का?" बहुतेकांच्या मोबाइलवर स्वतःचा क्यूआर असतो. मालकांसाठी: अशी जमा झालेली टीप तुमचं उत्पन्न नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये आयटीसी या हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात म्हटलं की कार्डावरून आलेली टीप हॉटेल कर्मचाऱ्यांच्या वतीनं विश्वस्ताच्या नात्यानं धरून असतं.

6. बिल 480, मी 500 दिले. वेटर सुट्टे आणायला गेला तो आलाच नाही. आता काय?

ते तुमचे पैसे आहेत. "दादा, वीस राहिले" म्हणायला लाजू नका. मग त्यातले दहा त्यालाच दिलेत तरी चालेल, पण द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवायचं. मुरलेले वेटर असं करत नाहीत. ते पन्नास परत करायचे असतील तर पाच दहाच्या नोटा आणतात, बडीशेपेच्या वाटीखाली पंख्यासारख्या लावतात आणि पाठ वळवून उभे राहतात. ही कला आहे, तिला दाद म्हणून तरी दहा सोडा.

7. जेवण गार होतं, भाजी खारट होती. टीप कापावी का?

खारट भाजी आचाऱ्याची, गार जेवण बऱ्याचदा गर्दीचं. तक्रार मालकाकडं करा. वेटर उद्धट वागला तर टीप ठेवू नका, एवढं पुरे.

8. घरी पार्सल आणून देणाऱ्याला टीप द्यायची का?

द्यायची असेल तर हातात द्या. पावसात भिजत विश्रामबागेतून कुपवाडला आलेल्या पोराला वीस रुपये कमी नाहीत. ॲपवरून मागवलंत तर हा पोरगा हॉटेलचा नोकर नसतो. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये अशा गिग कामगारांसाठी ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के वर्गणी भरायची तरतूद आहे. त्याच्या किमान वेतनाचा हिशेब खालच्या वेटरसारखा लागत नाही.

9. भाचा अमेरिकेत आहे. तो म्हणतो तिथं 20 टक्के द्यावेच लागतात. आपणच कंजूष का?

तिथलं गणित उलटं आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं ताशी 2.13 डॉलर रोख दिले तरी चालतात. हा आकडा 1991 पासून बदललेला नाही. साधं किमान वेतन 7.25 डॉलर आहे, मधली तूट टीपमधून भरून निघते असं धरलं जातं. काही राज्यांनी ही पद्धत मोडीत काढली आहे, पण बाकी ठिकाणी गिऱ्हाईक पगाराचाच भाग देत असतं. आपल्या कायद्यात अशी सवलत मालकाला अजिबात नाही (प्रश्न 11). भाच्याला सांगा, इथं आल्यावर पन्नास ठेवले तरी चालतात.

10. लग्नात वाढप्यांना वेगळे पैसे द्यायचे का? केटररनं ताटामागं दर घेतलेला आहे.

घेतलेल्या दरात वाढप्यांची मजुरी धरलेली असते. तरी मुलीकडच्या एखाद्या जाणत्या माणसानं शेवटची पंगत उठल्यावर वाढप्यांच्या म्होरक्याकडं पाकीट द्यायची पद्धत आपल्याकडं आहे, ती चांगली आहे. द्यायचंच तर सगळ्यांसमोर द्या आणि आकडा मोठ्यानं सांगा, म्हणजे वाटणीत घोळ होत नाही. वाढपी आधी जेवलेत का हेही विचारा. मंगल कार्यालयात चार वाजेपर्यंत उपाशी पंगती वाढणारी कॉलेजची पोरं मी बघितली आहेत.

रोजंदारीवरच्या वाढप्यालाही किमान वेतन लागू आहे. महिन्याच्या दराला 26 नं भागलं की दिवसाचा दर निघतो.

## वाढणाऱ्यांचे प्रश्न

11. मालक म्हणतो, "तुला टीप सुटते की, पगार कशाला वाढवू?" हे बरोबर आहे का?

साफ चूक. किमान वेतन मालकानं द्यायचं, पूर्ण द्यायचं. टीप गिऱ्हाईक देतं, ती मालकाच्या हिशेबात वजा करता येत नाही. महिन्याला तुम्हाला पाच हजार टीप सुटो किंवा पाचशे, पगाराचा आकडा तोच राहतो. नोकरी लागताना "पगार आठ, टीप धरून तेरा पडतात" असं कुणी सांगितलं तर त्यातला फक्त आठचा आकडा ऐका आणि तो पुढच्या उत्तरातल्या दराशी ताडून बघा.

12. हॉटेल कामगाराचं किमान वेतन नेमकं किती?

आकडा इथं मुद्दाम छापत नाही, कारण तो सहा महिन्यांत शिळा होतो. रचना अशी: मूळ दर अधिक विशेष भत्ता. भत्ता महागाईच्या निर्देशांकावर ठरतो आणि 1 जानेवारी व 1 जुलैपासून बदलतो. दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा तीन वर्गांत असतो, शिवाय तुमचं हॉटेल कोणत्या परिमंडळात येतं त्यावर. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतला दर आणि एखाद्या फाट्यावरच्या ढाब्याचा दर एकच असेल असं धरून चालू नका. महाराष्ट्राच्या कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर उद्योगानुसार दर असतात, त्यात हॉटेल-उपाहारगृहांची यादी उघडायची आणि चालू सहामाहीची तारीख तपासायची. मूळ दर बघून भत्ता विसरणं ही नेहमीची चूक, मालकांचीही.

1948 चा किमान वेतन कायदा आता वेतन संहिता, 2019 मध्ये विलीन झाला असून संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. हॉटेलात एकच कामगार असला तरी किमान वेतन लागतंच. आणि बाईला कमी, बाप्याला जास्त असं एकाच कामासाठी चालत नाही.

13. राहणं-जेवण मालकाकडं आहे, म्हणून तो पगारातून मोठी रक्कम कापतो.

पगाराऐवजी वस्तू किंवा सोयी दिल्या तर त्यांची किंमत एकूण वेतनाच्या 15 टक्क्यांपर्यंतच वेतनात धरली जाते. दोन वेळचं जेवण आणि वरच्या मजल्यावर गाद्या टाकून झोपायची सोय यांची किंमत कुणी अर्ध्या पगाराएवढी लावत असेल तर ते टिकणार नाही. शिवाय सगळ्या कपाती मिळून पगाराच्या 50 टक्क्यांच्या पुढं जाता कामा नयेत. नेपाळ, उत्तर प्रदेश, बिहार किंवा शेजारच्या कर्नाटकातून आलेल्या पोरांच्या बाबतीत हा घोळ जास्त होतो, कारण त्यांना बाहेर खोली मिळत नाही आणि मालकाला ते माहीत असतं.

14. गावाकडं लग्नासाठी 30,000 उचल घेतली. आता मालक सोडत नाही, आधार कार्डही ठेवून घेतलंय.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उचल पगारातून हप्त्यानं वळती करणं कायदेशीर आहे, वरची 50 टक्क्यांची मर्यादा सांभाळून. पण उचल फिटेपर्यंत नोकरी सोडू न देणं, कागद अडकवून ठेवणं किंवा "भाऊ राबेल तुझ्या जागी" म्हणणं ही वेठबिगारी आहे, आणि ती 1976 च्या कायद्यानं बंद झालेली आहे. अशा वेळी कामगार कार्यालयाआधी तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालय गाठा, तो अधिकार त्यांच्याकडं आहे.

आमच्या भागात उचल हा शब्द इतका रोजचा झालाय की दोन्ही बाजूंना त्यात काही वावगं वाटत नाही. घेताना तारीख, रक्कम आणि हप्ता एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. कागदाचा फोटो घरच्यांना पाठवून ठेवा.

15. सहा जणांचं टेबल बिल न देताच निघून गेलं. मालकानं 1,850 रुपये माझ्या पगारातून कापले.

सरसकट कापता येत नाहीत. नुकसान थेट तुमच्या हलगर्जीमुळं झालं असेल, ते पैसे किंवा वस्तू तुमच्या ताब्यात दिलेल्या असतील, आणि तुमचं म्हणणं ऐकून घेतलं असेल तरच कपातीचा विषय येतो. रविवारी रात्री एका वेटरकडं नऊ टेबलं दिली आणि दाराशी कुणीच नव्हतं, यात तुमची हलगर्जी कुठली? फुटलेल्या ग्लासचंही तसंच. धुतलेल्या ओल्या ट्रेमधून निसटलेला ग्लास हा धंद्याचा खर्च आहे. शिस्तीचा दंड लावायचा तर तोही महिन्याच्या वेतनाच्या 3 टक्क्यांपुरताच, आणि कशाबद्दल दंड होतो याची यादी आधी लावलेली हवी.

16. सकाळी दहाला येतो, रात्री साडेबाराला सुटतो. ओव्हरटाइम मिळतो का?

आठवड्याचे 48 तास ही मर्यादा आणि आठवड्याची एक सुट्टी. त्यापुढच्या तासांना दुप्पट दर. दुपारी चार ते सात "आराम" असतो असं मालक सांगतात. त्या वेळात कांदे चिरायला, टेबलं पुसायला लावत असतील तर तो आराम नव्हे. तुमची येण्या-जाण्याची वेळ रोज मोबाइलवर लिहून ठेवा, पुढं उपयोगी पडते (प्रश्न 18).

17. टीपवर इन्कम टॅक्स लागतो का?

टीप हे उत्पन्नच आहे, पण पगार नव्हे. प्रश्न 5 मधल्या निकालात हाच मुद्दा होता: मालकानं टीपवर पगारासारखा टीडीएस (देतानाच कापून घेतलेला कर) कापायची गरज नाही, कर्मचाऱ्यानं ती "इतर उत्पन्न" म्हणून दाखवायची. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळं कर शून्यावर येतो. पगार आणि टीप मिळून आपल्या भागातला वेटर त्याच्या जवळपासही जात नाही, तेव्हा झोप उडवू नका.

18. तक्रार कुठं करायची? पुरावा काहीच नाही, पगार हातात मिळतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्तांचं किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याचं कार्यालय असतं, तिथं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कमी दिलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. दावा मान्य झाला तर फरकाच्या वर, दहा पटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो.

पुराव्याची भीती फार मोठी नसते. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी वेतन संहितेनं मालकावर टाकली आहे. तुम्ही तिथं काम करता एवढं दिसलं पाहिजे: हॉटेलच्या टी-शर्टमधला फोटो, ऑर्डर लिहिलेलं केओटी बुक, ग्रुपवरचे मेसेज, मालकानं कधी यूपीआयवर पाठवलेले पाचशे रुपये. नोकरी सोडली किंवा काढलं तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत पूर्ण करायचा असतो. एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत.

दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) लागतो, कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के. वीस किंवा जास्त असतील तर पीएफ. हजेरीपटावर नऊच नावं आणि स्वयंपाकघरात चौदा माणसं, हे चित्र कुणाला नवीन नाही.

## गल्ल्यावर बसणाऱ्यांचे प्रश्न

19. टीप एकत्र करून वाटायची आहे. कशी वाटावी म्हणजे भांडण होणार नाही?

आधी वेटरांना विचारा, कारण पैसे त्यांचे आहेत. त्यांनी हो म्हटलं तर वाटे ठरवा आणि भिंतीवर लावा. एक उदाहरण: चार वेटर, प्रत्येकी दोन वाटे, म्हणजे आठ. वस्तादाचा (मुख्य आचाऱ्याचा) एक, भाकरी करणाऱ्या दोन मावशींचा एकेक, मोरीवर भांडी घासणाऱ्याचा एक, टेबल पुसणाऱ्या पोराचा एक. एकूण तेरा वाटे. समजा आठवड्याला डब्यात 3,900 रुपये निघाले तर वाटा 300 चा. वेटरला 600, बाकीच्यांना 300.

वेटर कुरकुरतात की "हसून वाढतो आम्ही, वाटणी मोरीवाल्याला कशाला?" त्यांना दुपारी एक वाजता चुलीजवळ नेऊन उभं करा. परातीत पीठ मळणं, थापणं, तव्यावर पाणी फिरवणं, निखाऱ्यावर फुगवणं, आणि समोर "अजून सहा कडक" अशी हाळी. मावशींचं तोंड गिऱ्हाईक कधी बघत नाही, पण टीप सुटते ती निम्मी त्यांच्या भाकरीवर.

तीन गोष्टी पाळा. डबा दोघांसमोर उघडा. मालक आणि मॅनेजर यांचा वाटा शून्य. आणि खाडा झालेल्या दिवसांचं काय, ते आधीच लिहा, कारण दहापैकी नऊ भांडणं तिथंच होतात. वेटर वाटणीला तयार नसतील तर जबरदस्ती करू नका, आतल्या माणसांचा पगार वाढवा.

20. सगळ्यांना कायद्याप्रमाणं पगार दिला तर थाळी महाग होईल आणि गिऱ्हाईक शेजारी जाईल. खरं ना?

कागदावर मांडून बघा. समजा तुम्ही रोज 200 थाळ्या विकता, महिन्याला 6,000. वाढणारे सहा, प्रत्येकाला महिन्याला 2,000 वाढवले तर 12,000. थाळीमागं दोन रुपये. स्वयंपाकघरातल्या आणखी सहा जणांनाही तेवढेच वाढवले तर चार. मटणाचा दर किलोमागं पन्नासनं वाढला की तुम्ही थाळीला दहा-वीस वाढवताच ना? तेव्हा गिऱ्हाईक जात नाही.

छोट्या हॉटेलाला, जिथं रोज 40 थाळ्या जातात आणि घरची तीन माणसं राबतात, तिथं हे गणित खरंच अवघड आहे, ते मी नाकारत नाही. पण तिथं नोकरही एक-दोनच असतात. आणि वेटर सोडून गेला की काय होतं हे मालकांनी मला सांगायला नको. नवा पोरगा टेबल नंबर शिकेपर्यंत महिना जातो, तोवर चुकलेल्या ऑर्डरींचा भुर्दंड गल्ल्यालाच.

न देण्याची किंमतही माहीत असावी. किमान वेतनापेक्षा कमी दिल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

21. मी सर्व्हिस चार्ज घेतो, पण सगळा स्टाफला वाटतो. तरी चुकीचं का?

हेतू चांगला आहे, पद्धत चालत नाही. आपोआप लावलेला चार्ज कुणाला वाटलात यानं प्रश्न 3 चं उत्तर बदलत नाही. तोच 10 टक्के मेनूच्या दरात मिळवा आणि पगारात द्या. आणखी एक: बिलात लावलेल्या सर्व्हिस चार्जवर जीएसटी लागतो, गिऱ्हाइकानं मर्जीनं ठेवलेल्या टीपवर लागत नाही.

22. "टीप देऊ नये" अशी पाटी लावली तर?

लावू शकता, पण आधी पगार वाढवा, मग पाटी. उलटं केलंत तर आठवड्यात दोन वेटर कमी झालेले दिसतील. पाटी लावूनही कुणी प्रेमानं दिलं तर घेणाऱ्याला ओरडू नका.

23. शाळेला सुट्टी आहे, ओळखीतला मुलगा मे महिन्यात कामाला ठेवू का? टीपवरच ठेवणार आहे, पगार नाही.

"टीपवर ठेवणं" हा प्रकार कुठल्याही वयाला चालत नाही (प्रश्न 11). राहिलं वय. चौदा वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात, ढाब्यावर, चहाच्या टपरीवर कामाला ठेवणं पूर्ण बंद आहे. सुट्टी असो, बापाची परवानगी असो, काही फरक पडत नाही. सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. अपवाद फक्त घरच्या धंद्याचा: मालकाचं स्वतःचं पोर शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हलक्या कामाला हातभार लावू शकतं. मित्राचं, शेजाऱ्याचं, नोकराचं पोर त्यात बसत नाही.

चौदा ते अठरामधला मुलगा ठेवता येतो, पण संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात नाही, दिवसाला सहा तासांहून जास्त नाही आणि ओव्हरटाइम नाही. हॉटेलाची खरी गर्दी रात्री आठनंतरच असते, तेव्हा हिशेब तुमचा तुम्हीच करा. वयाचा दाखला फाइलला लावून ठेवा. आणि गिऱ्हाइकांपैकी कुणाला टेबलं पुसणारं लहान पोर दिसलं, तर बालकांच्या हेल्पलाइनचा नंबर 1098.